करवतीच्या रेषेबाहेर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हातांची विद्या’ हा विषय मुक्रर करून त्यातील लाकूडकामाचे प्रकरण माझ्याकडे सोपविले, तेव्हा सावंतवाडीच्या लाखकामापासून पेशवाईतील वाड्यांच्या कोरीव खांबांपर्यंत जे जे अशा वेळी आठवावयाचे ते सर्व यथाक्रम आठवले. परंतु जे सरले किंवा सरत आले आहे त्यावर हळहळत लिहिण्याची आपल्या दिवाळी अंकांची परंपरा पुरेशी समृद्ध असल्यामुळे, जे आज शिकविले जात आहे, आणि तेही विजेच्या यंत्रांच्या घरघरीत व रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर शिकविले जात आहे, ते पाहावे असे ठरवून मी नाहूरचा रस्ता धरला.

मध्य रेल्वेवरील भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर येथे गाड्या थांबू लागल्या त्या 2006 साली. तोपर्यंत हे गाव प्रवाशांच्या नकाशापेक्षा महसुली दफ्तरात अधिक ठळकपणे नांदत होते, आणि ‘मौजे नाहूर, तालुका कुर्ला’ ही त्याची नोंद तिसाव्या मजल्यावरील सदनिकेच्या खरेदीखतातही अद्याप तशीच होते. पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, ज्याच्या दुतर्फा स्वातंत्र्योत्तर काळात टायर, रंग, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले व त्यांपैकी पुष्कळांच्या जागी आता निवासी मनोरे आले. पूर्वेस द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरे व खाडी. मोठे कारखाने गेले, परंतु त्यांच्या आश्रयाने वाढलेले औद्योगिक गाळे पुष्कळ ठिकाणी तगून आहेत. त्यांत कोठे छपाई चालते, कोठे पत्रा वाकविला जातो, कोठे खोक्यांचे पुठ्ठे कापले जातात.

असाच एक तळमजल्यावरील गाळा शनिवार-रविवारी सुतारशाळा होतो. शिकविणारे गृहस्थ साठी ओलांडलेले असून त्यांची हयात याच पट्ट्यातील एका ओतशाळेत पॅटर्नमेकर म्हणून गेली. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लागणारा लाकडी नमुना घडविणारा कारागीर. ओतीव लोखंड निवताना फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसते. म्हणून त्याची फूटपट्टीच मुळी तेवढ्या हिशेबाने लांब आखलेली असते, आणि अशा पट्टीवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘साधारण बरोबर आहे’ हे शब्द सहन होत नाहीत. विद्यार्थी त्यांना ‘सर’ म्हणतात, गाळ्यातले मदतनीस ‘मास्तर’ म्हणतात, आणि ते स्वतः लहानथोर सर्वांना ‘तुम्ही’ म्हणतात. घाई करणाराच काय तो क्षणापुरता ‘तू’ होतो.

विद्यार्थ्यांचा संच पाहण्यासारखा होता. संगणकाच्या व्यवसायातील दोन तरुण, वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी, बँकेतून निवृत्त झालेले मुलुंडचे एक गृहस्थ, मुले मोठी झाल्यावर मोकळा वेळ सत्कारणी लावू इच्छिणाऱ्या एक बाई, आणि एका फर्निचर-कंत्राटदाराने स्वखर्चाने पाठविलेला विशीतला एक कारागीर, ज्याचा हात इतर सर्वांपेक्षा चांगला होता आणि ज्याच्या डाव्या तर्जनीचे पेर अर्धेच होते. बारा बलुतेदारांत गणना होऊन ज्याच्या घराण्याकडे नांगर, तिफण आणि बैलगाडी यांचे काम वंशपरंपरेने चालत आले त्या सुताराची विद्या आता पदवीधर लोक फी भरून शिकू लागले आहेत, ही गोष्ट मला विनोदी वाटली आणि त्याच वेळी न्याय्यही वाटली.

यंत्रे बंद असताना

पहिल्या दिवशी यंत्रांच्या पिना सॉकेटमधून काढून ठेवलेल्या होत्या, आणि संगणकवाल्या तरुणांची निराशा लपत नव्हती. ते गोल करवत चालविण्यासाठी आले होते आणि त्यांच्या हाती एक गुण्या, एक खतकस, एक पेन्सिल आणि पाइनच्या लाकडाचा फूटभर तुकडा देण्यात आला. लाकडाचा एक तळ सपाट करावयाचा, त्यावर खूण करावयाची, त्या तळाशी काटकोनात असलेली एक कड सरळ करावयाची, तिच्यावर दुसरी खूण करावयाची, आणि यापुढील प्रत्येक माप याच दोन खुणांवरून घ्यावयाचे, कधीही समोरच्या बाजूवरून घ्यावयाचे नाही: एवढाच पहिल्या सकाळचा पाठ. हा नियम पाळला तर चूक वाढत नाही. प्रत्येक माप नव्या बाजूवरून घेतले तर सूत-सूत करीत चार ठिकाणच्या चुका एकत्र येतात आणि खुर्ची डुलू लागते.

मग रंधा. तुकडा शेगड्यात आवळून रंधा चालविला की कोणाची ढलपी कागदासारखी उलगडत येते आणि कोणाच्या पात्याखाली लाकूड खरवडून निघते, आणि ज्याचे खरवडते त्याला वाटते की आपला जोर कमी पडला. वस्तुतः लाकडाचे तंतू पृष्ठभागाशी क्वचितच समांतर असतात; ते एका दिशेने चढत जातात. चढणीच्या दिशेने रंधा गेला तर पाते तंतूंवरून सरकत त्यांना स्वच्छ कापते, उलट दिशेने गेला तर ते तंतूंच्या खाली घुसून त्यांना मुळापासून उपटते. म्हणून तुकडा फिरवून घ्यावयाचा, एवढाच उपाय. परंतु कोणता तुकडा कोणीकडून चढतो हे कडेवरच्या रेषांवरून ओळखण्यास नवशिक्याला दुपार लागते, आणि मास्तरांच्या मते ती दुपार हेच सर्व शिक्षण आहे, कारण हाताच्या रंध्याखाली जो विरोध लाकूड सौम्यपणे, वेळ देऊन, आवाज करून कळविते, तोच विरोध यंत्राखाली ते एकदम आणि पूर्वसूचनेशिवाय करते.

धारेचे प्रकरण याहून कष्टाचे. पटाशी दगडावर घासताना कोन बदलता कामा नये, मागची बाजू आरशासारखी सपाट हवी, आणि काठावर उलटलेली बारीक कोर जाईपर्यंत थांबता कामा नये. बोथट पटाशी निरुपद्रवी असते असा सामान्य समज आहे. प्रत्यक्षात ती अधिक जोर मागते, अधिक जोराने ढकललेली पटाशी लाकडातून निसटली की थांबत नाही, आणि तिच्या वाटेवर बहुधा दुसरा हात असतो. म्हणून ‘दोन्ही हात पात्याच्या मागे’ हा नियम या शाळेत प्रथम पटाशीवर शिकविला जातो आणि पुढे प्रत्येक यंत्रावर तो निराळ्या वेषात भेटतो.

नॅस, वर्धा, पाबळ

हाताने काम शिकविण्याला शिक्षणशास्त्रात जी प्रतिष्ठा मिळाली तिचा एक मोठा उगम स्वीडनमधील नॅस या खेड्यात आहे, जेथे ऑटो सालोमन याने 1870 च्या दशकात ‘स्लॉइड’ नावाची लाकूडकामाची पद्धती बसविली आणि जगभरच्या शिक्षकांना ती शिकविली. सोप्या वस्तूपासून कठीण वस्तूपर्यंत क्रमाने चढत जाणारी मालिका, प्रत्येक वस्तू उपयोगी व पूर्ण, आणि शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कामाला हात लावावयाचा नाही, ही तिची मुख्य कलमे. नाहूरच्या मास्तरांनी सालोमनचे नाव ऐकलेले नाही. परंतु वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीचा सांधा तिरका जात असताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि ते बांधलेले हात सोडण्याची त्यांना किती इच्छा होत होती हे त्यांच्या बोटांवरून दिसत होते.

आपल्याकडे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1891 साली निघालेल्या रे कला-कर्मशाळांमध्ये कारागिरीचे शिक्षण मिळू लागले, आणि 1887 च्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रनिकेतनाने यंत्रविद्येला वाट करून दिली; पण शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात करवत असावी हा विचार जोरकसपणे मांडला गेला तो वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मधील शिक्षण-परिषदेत, जिच्यातून गांधीजींची नई तालीम निघाली. सूतकताई, शेती, सुतारकाम यांपैकी एखादा उद्योग हेच शिक्षणाचे माध्यम, अशी ती योजना होती. तिचे पुढे काय झाले हा निराळा आणि खिन्न करणारा विषय आहे. आमच्या पिढीपर्यंत तिचा जो अवशेष पोहोचला तो म्हणजे तांत्रिक शाळांतील वर्कशॉपचा तास आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी प्रत्येकाने एकदा करावयाचा व नंतर आयुष्यात कधीही न पाहावयाचा तो लाकडी टी-सांधा.

याला एक सन्माननीय अपवाद पुणे जिल्ह्यातील पाबळचा. हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर असलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांसाठी वर्षभराचा असा अभ्यासक्रम आखला की ज्यात कर्मशाळेतील काम, शेती व पशुपालन, ऊर्जा, आणि घर व आरोग्य ही चारही अंगे प्रत्येकाने प्रत्यक्ष करून शिकावयाची. यातील मर्म असे की तेथील मुले सरावासाठी खोटे तुकडे जोडीत बसत नाहीत. गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू आणि सेवा करीत ती शिकतात, आणि काम बिघडले तर ते गिऱ्हाइकाला कळते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने पुढे ‘फॅब लॅब’ नावाच्या छोट्या यंत्रशाळा जगभर उभारावयास घेतल्या, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या शाळांपैकी एक 2002 साली पाबळला निघाली.

मुंबईच्या उपनगरांतही 2013 साली वैभव छाब्रा यांनी ‘मेकर्स असायलम’ ही सामायिक कर्मशाळा काढली. कचेरीचे छत कोसळून मोडलेले फर्निचर मित्रमंडळी जमवून पुन्हा बनविण्यातून तिचा जन्म झाला, अंधेरीत ती काही वर्षे नांदली, आणि पुढे गोव्याला गेली. ज्या शहरात यंत्रे ठेवण्याच्या जागेचे भाडे यंत्रांच्या किमतीलाही लाजवते त्या शहरात अशा शाळांचे स्थलांतर होणे स्वाभाविकच आहे.

वर उठणारे दाते

गोल करवतीची ओळख मास्तरांनी ती बंद ठेवूनच करून दिली. पिन काढून हातात घेतली, सर्वांना दाखविली, आणि मग पात्याला बोट लावून ते सावकाश फिरविले. टेबलाच्या मधोमध उभ्या बसविलेल्या पात्याचे चालविणाऱ्याकडील दाते खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात; तोपर्यंत सर्व ठीक. पलीकडच्या बाजूचे दाते मात्र टेबलातून वर उठत असतात आणि चालविणाऱ्याच्या दिशेने येत असतात. कापलेली फळी जराशी वाकडी होऊन त्या वर उठणाऱ्या दातांना टेकली, की दाते तिला उचलतात, पात्याच्या माथ्यावरून ओढून आणतात आणि चालविणाऱ्याच्या पोटावर फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला चार हजार फेरे करीत असेल तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या पुढे असतो. माणसाला काही विपरीत घडते आहे हे कळून हात मागे घेण्यास सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, आणि तेवढ्यात दाते दहा मीटर पुढे गेलेले असतात. सावध राहीन, चपळाईने हात काढीन, या भरवशाला येथे अर्थ नाही. जे काय करावयाचे ते सुरू करण्यापूर्वी करावयाचे.

फळी वाकडी का होते, याचे उत्तर पहिल्या दिवशीच्या पाठात होते. झाड वाढताना त्याच्या अंगात ताण साठलेले असतात, कलत्या झाडाच्या किंवा जाड फांदीच्या लाकडात ते फारच असतात, आणि फळी उभी चिरली जाऊ लागली की हे ताण मोकळे होऊन चिरेच्या दोन्ही बाजू कधी फाकतात, कधी मिटतात. मिटल्या तर पाते त्यांच्या चिमटीत सापडते. म्हणून पात्याच्या लगेच मागे, त्याच्याच रेषेत, एक पोलादी पाती उभी केलेली असते, जिला कर्मशाळेत ‘रायव्हिंग नाइफ’ म्हणतात. ती काही कापीत नाही, चीर मिटू नये म्हणून नुसती तिच्यात उभी राहते. यंत्रावरचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत अधिक वेळा काढून फेकला जाणारा भाग. तो पाहताच कंत्राटदाराच्या कारागिराने मान वर केली. त्याच्या साइटवर अशी पाती कोणत्याच यंत्राला नव्हती आणि ती कशासाठी असते हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

नंतरचे नियम या एकाच गोष्टीतून निघतात. उजवीकडची गाईड-पट्टी पात्याला तंतोतंत समांतर हवी, कारण ती मागच्या बाजूस जरा जरी आत झुकली तरी लाकूड वर उठणाऱ्या दातांवर दाबले जाते. पात्याची उंची लाकडाच्या जाडीहून दातभरच अधिक ठेवावी. लाकूड आडवे कापताना त्याला सरकत्या कोन-पट्टीचा आधार द्यावा, परंतु त्याच वेळी ते गाईड-पट्टीला टेकवू नये, नाहीतर कापला गेलेला तुकडा पाते आणि पट्टी यांच्यामध्ये अडकतो. आधाराशिवाय, नुसत्या दोन हातांच्या भरवशावर, काहीही कापू नये. शेवटची वीतभर लांबी हाताने न ढकलता पुश-स्टिकने, म्हणजे खाचेच्या काठीने, ढकलावी. आणि उभे राहावे ते पात्याच्या रेषेच्या डावीकडे, म्हणजे फेकला गेलेला तुकडा आपल्या बाजूने निघून जाईल. मास्तरांनी जमिनीवर रंगाने ही रेषा आखून ठेवली आहे. तिच्यावर कोणी पाऊल ठेवले की ते यंत्र थांबवितात, कारण न सांगता.

पोशाखाचा तपशील ऐकून बाईंना नवल वाटले. ओढणी नको, मोकळे केस नकोत, बांगड्या, कडे, अंगठी, मनगटावरचा गंडा नको, इतके ठीक. परंतु हातमोजेही नकोत? फिरत्या यंत्राजवळ मोजा हा संरक्षण न ठरता सापळा ठरतो, कारण दात्यात त्याचा एक धागा अडकला की तो मोज्यासकट पूर्ण हात ओढून घेतो, आणि उघड्या बोटाला जी जखम झाली असती तिच्याऐवजी मनगटापर्यंत इजा होते. याउलट चष्मा सक्तीचा, कानाला बोंडे सक्तीची. यंत्राचे बटण मोठे, लाल, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा जागी. आणि वीज जाऊन पुन्हा आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच, ज्याचे महत्त्व भांडुप-मुलुंडच्या पावसाळ्यात काम केलेल्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रंधा-यंत्राविषयी एकच गोष्ट सांगतो. पूर्वी त्याचा पाती धरणारा ठोकळा चौकोनी असे. त्याच्या दोन पात्यांमधील पोकळीत बोट खोल शिरू शके आणि पुढचे पाते ते मुळापासून नेई. ठोकळा गोल केला गेला, पोकळी उरली ती अगदी उथळ, आणि त्याच अपघाताची जखम हाडावरून कातडीवर आली. एका आकाराच्या बदलाने इतकी बोटे वाचविल्याचे उदाहरण यंत्रविद्येत विरळाच.

अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या एका देशात टेबल-करवतीच्या पात्याने वर्षाला सुमारे 30 हजार माणसे जखमी होतात आणि सुमारे चार हजारांचे अवयव तुटतात. स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट-वकिलाने 1999 च्या सुमारास यावर तोड काढली: पात्यात सूक्ष्म विद्युत-संकेत सोडावयाचा, ओलसर मानवी त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो, आणि त्याच क्षणी ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबवितो. पाते व ठोकळा दोन्ही निकामी होतात, बोटाला ओरखडा येतो. नाहूरच्या गाळ्यात असे यंत्र नाही आणि त्याची किंमत पाहता लवकर येईलसे दिसत नाही.

चार पायांचे स्टूल

नवशिक्यांकडून शेवटी स्टूल करवून घेतात. लाकूड पुष्कळदा यंत्रांच्या आयात खोक्यांतून निघालेले पाइन. ते स्वस्त आणि मऊ असते, पण त्यात राहिलेला एखादा खिळा करवतीच्या दाताला लागला तर दाताचा कार्बाइडचा तुकडा कोठेही उडू शकतो, म्हणून प्रत्येक फळीवरून प्रथम लोहचुंबक फिरविले जाते. सागवान विद्यार्थ्यांना दाखविले जाते, दिले जात नाही. बल्लारपूर-आलापल्लीच्या जंगलांतील सागाची ख्याती आणि त्याचा घनफुटाचा भाव ऐकल्यावर कोणी हट्टही करीत नाही.

सांधा कुसवाचा: आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढावयाचे, पायात त्याच मापाचे भोक पाडावयाचे. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश ठेवतात, म्हणजे कुसूही मोडत नाही आणि भोकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीही तगतात. कुसू हातोडीच्या एका ठोक्याने बसावे. हाताने सरकले तर सैल, दोन ठोके लागले तर पाय चिरण्याचा संभव. निवृत्त गृहस्थांनी आयुष्यभर हिशेब जुळविले होते आणि त्यांचे कुसू पहिल्याच ठोक्याला बसले. संगणकवाल्यांपैकी एकाचे सैल निघाले, आणि त्याने ते फेव्हिकॉलने भरून काढण्याची तजवीज सुचविली. 1959 साली पिडिलाइट निघाली आणि हा पांढरा डिंक आला, त्यापूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस तापवून लावीत. त्या गैरसोयीच्या वस्तूवर फार विसंबता येत नसल्यामुळे सांधे चांगले निघत, असे मास्तरांचे थोडेसे एकांगी मत आहे. पट्टी पुन्हा करावी लागली.

बैठकीची फळी पट्ट्यांना डिंकाने चिकटवीत नाहीत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु रुंदीत ते हवेतील दमटपणाबरोबर फुगते आणि आकसते, आणि खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने होणारी ही हालचाल केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. मे महिन्यात घट्ट चिकटविलेली रुंद फळी जुलैत पाय फाकवील किंवा स्वतः वाकेल. म्हणून स्क्रूची भोके लांबट ठेवून तिला हलण्यास मुभा द्यावयाची. पावसाळ्यात अडकणारे घरचे दार यापुढे नुसते रंधून काढू नये, एवढा व्यवहार तरी प्रत्येक जण येथून शिकून जातो. प्लायवुड हलत नाही, कारण त्यात पापुद्र्यांचे तंतू एकाआड एक काटकोनात चिकटविलेले असतात, आणि मुंबईच्या घरांत आठ बाय चारच्या त्या तावांनी सागवानाला हुसकावले त्याचे कारण केवळ स्वस्ताई नव्हे.

घासकामाच्या वेळी मात्र गाळ्याची दारे उघडतात, धूळ ओढणारे यंत्र सुरू होते आणि सर्वांच्या तोंडावर मास्क चढतात. लाकडाचा भुसा हा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी मानण्याची आपली रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाची धूळ मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातली, आणि नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध विशेष स्पष्ट आहे. बोट तुटल्याचे दुसऱ्या क्षणी कळते, नाकाचे दुखणे वीस वर्षांनी कळते, म्हणून मास्क घालावयास लावणे हे चष्मा घालावयास लावण्यापेक्षा फार कठीण जाते.

उलटा टांगलेला कटर

कंत्राटदाराचा कारागीर जेवणाच्या सुट्टीत मला त्याच्या साइटवरील ‘मशीन’ समजावून सांगत होता, आणि मुंबईत ज्याच्या घरी फर्निचरचे काम झाले आहे त्याने ते पाहिलेले असणार. फरशी कापण्याचा चार इंची कटर घ्यावयाचा, त्यात लाकडाचे पाते बसवावयाचे, प्लायच्या तुकड्याला चीर पाडून कटर खालून उलटा आवळावयाचा, वर आलेल्या पात्यावरचे आवरण अडते म्हणून काढून टाकावयाचे, बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवावयाचे आणि पिन लावून-काढून यंत्र चालवावयाचे. हा कटर मिनिटाला 12 ते 13 हजार फेरे करतो. त्याच्या छोट्या पात्याची कड ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने फिरते. रायव्हिंग नाइफ नाही, गाईड-पट्टी म्हणजे खिळ्याने ठोकलेली एक काठी, आणि थांबवावयाचे तर वाकून सॉकेटपर्यंत जावयाचे. त्याचे पेर अशाच एका यंत्रावर गेले. काम किती दिवस बंद राहिले, असे विचारता त्याने ते संध्याकाळपर्यंतच बंद होते असे सांगितले.

याला कायदा नाही असे नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांना आवरण घालण्याचा हुकूम दिला, आणि महाराष्ट्राच्या 1963 च्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र तपशील घातला गेला, जो वाचताना नाहूरचा पाठ पुन्हा ऐकल्याचा भास होतो: चालविणाऱ्याच्या हाताशी बंद करण्याची सोय, यंत्राभोवतीची जमीन मोकळी, पात्यामागील पाती दातांपासून 10 मिलिमीटरहून दूर नको, पुश-स्टिक पुरविलेली असावी, रंधा-यंत्राचा ठोकळा गोल असावा, आणि त्या प्रकारच्या यंत्राचे पुरेसे शिक्षण मिळालेल्या किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या माणसाखेरीज कोणालाही त्यावर ठेवू नये. कलमे उत्तम आहेत. परंतु कारखाना म्हणजे काय, याची मूळ व्याख्याच वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून सुरू होत होती, आणि तिसाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काम करणारे तीन सुतार हे कोणाच्याही कारखान्यात नसतात. ते शिकतात तेही काकाच्या किंवा गावकऱ्याच्या हाताखाली, उमेदवारीने. आणि या उमेदवारीत हाताला जे वळण मिळते ते कोणत्याही शनिवार-रविवारच्या वर्गात मिळणार नाही, हे कबूलच केले पाहिजे. फक्त ज्या काकाने आवरण कधी पाहिलेले नाही तो ते बसवावयास शिकवू शकत नाही.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची 1950 साली सुरू झालेली योजना याच दोन टोकांना सांधण्यासाठी होती. सुतारकामाचा तिचा अभ्यासक्रम एका वर्षाचा, आठवी उत्तीर्णाला खुला, प्रथम हाताची हत्यारे व सांधे आणि नंतर यंत्रे अशा क्रमाने जाणारा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्यापुढे कारखान्यातील उमेदवारीचीही वाट करून दिली. एक अशी संस्था नाहूरहून एकच स्थानक पुढे मुलुंडलाही आहे. परंतु गावाहून येऊन दुसऱ्या दिवशी साइटवर चढणाऱ्या मुलाला वर्षभराची मुदत परवडत नाही, आणि त्याला दोन दिवसांत जे देता येईल ते देण्याची तजवीज कोणी केलेली नाही. कंत्राटदाराने फी भरून एकाला पाठविले याचे श्रेय त्याला द्यावे लागेल, मग त्यामागे त्या पेराची आठवण असो की दिरंगाईने बुडालेल्या एका कामाची.

शेवटच्या दिवशी त्या कारागिराने स्टूल केले नाही. मास्तरांच्या परवानगीने त्याने साइटचा कटर आणून त्याच्यासाठी नवे टेबल केले: चाप लावून पक्की आवळता येणारी समांतर पट्टी, पत्र्याची मागची पाती, वर पारदर्शक आवरण, आणि पुढच्या कडेला गुडघ्याने दाबता येणारा स्विच. ते मूळ यंत्रांइतके सुरक्षित नाही हे मास्तरांनी त्याला दोनदा बजावले. ते लिफ्टमध्ये मावते, हे त्याने स्वतः मोजून पाहिले होते.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत फर्निचरचे काम काढणाऱ्या सभासदाकडून एक छापील अर्ज भरून घेतात. अनामत रक्कम, सुतारांच्या ओळखपत्रांच्या नकला, लिफ्टला लावावयाचा प्लाय, डेब्रिज नेण्याची जबाबदारी, दुपारी दोन ते चार आवाज बंद, असा त्यात सर्व बंदोबस्त आहे. कापण्याच्या यंत्राला आवरण आहे काय, हा रकाना नाही. तो घालावा अशी दरखास्त मी गेल्या सभेत मांडली. तपासणार कोण, असा सचिवांचा प्रश्न आला आणि तो गैरवाजवी नव्हता. सुतारांच्या पिशव्या रोज संध्याकाळी उघडून पाहणाऱ्या आमच्या पहारेकऱ्याला पाते झाकलेले आहे की उघडे आहे एवढे ओळखता येईल, असे मी म्हणालो. विषय पुढील सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे, लिफ्टच्या देखभालीच्या करारानंतर.